नौदलानं जाळलेलं गाव, नौदलानं सोडलेलं बेट

अलास्काच्या अल्यूशियन बेटांच्या साखळीत, अँकरेजपासून सुमारे बाराशे मैलांवर, अ‍ॅडॅक नावाचं बेट आहे. इथे गवत कमरेइतकं वाढतं, पण झाड म्हणून काही उगवत नाही. वारा ते उगवू देत नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे आणून ठेवलेल्या सैनिकांना नाताळात निदान झाडाचं दर्शन घडावं म्हणून लष्करानं पाइनची रोपं लावली. त्यांतली मूठभर जगली. त्या खुरट्या घोळक्यासमोर पुढे कुणीतरी पाटी ठोकली की आपण अ‍ॅडॅकच्या राष्ट्रीय अरण्यात शिरत आहात आणि त्याच पावली बाहेरही पडत आहात. शीतयुद्धाच्या काळात या बेटावर जवळपास सहा हजार माणसं राहत. सोव्हिएत पाणबुड्यांवर कान ठेवणं हे त्यांचं काम. त्यांच्यासाठी शाळा होती, पोहण्याचा तलाव होता, मॅकडोनाल्ड्ससुद्धा होतं. ३१ मार्च १९९७ रोजी अमेरिकी नौदलानं तळ बंद केला आणि २००४ मध्ये बेटाची सुमारे ४७ हजार एकर जमीन, इमारती, धक्के आणि धावपट्ट्यांसकट, ‘अल्यूट कॉर्पोरेशन’ या कंपनीच्या हवाली झाली.

या कंपनीच्या अध्यक्षपदी काम केलेल्या एका बाईंचं हे चरित्र आहे. त्यांचं नाव अ‍ॅलिस पेट्रिव्हेली, माहेरचं आडनाव स्निगारॉफ. जन्म १९२९ चा. अ‍ॅडॅकच्या पूर्वेला शंभरेक मैलांवर अट्का नावाचं बेट आहे. त्या बेटावर त्याच नावाचं एकच गाव, आणि त्या गावातल्या त्या. १९४२ च्या जूनमध्ये त्या बारा-तेरा वर्षांच्या असताना हे गाव जाळण्यात आलं. जाळणारे शत्रूचे नव्हते, अमेरिकी नौदलाचेच होते.

या दोन घटनांच्या मध्ये साठ वर्षं आहेत. इतिहासानं हिशेब चुकता केला, नौदलानं गाव घेतलं आणि बेट दिलं, अशी गोष्ट सांगायचा मोह कुणालाही होईल. वाचकानं हा मोह पहिल्या पानावरच बाजूला ठेवावा. अ‍ॅलिस यांचं आयुष्य अन्याय आणि न्याय अशा दोन अंकांत बसत नाही. त्यातला बराच भाग बैठका, साक्षी, नकाशे, करारांचे मसुदे आणि भागधारकांच्या तक्रारी यांत गेला. मला स्वतःला तो भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. घर जळताना पाहिलेली माणसं जगात पुष्कळ आहेत. घर जाळणाऱ्या खात्याच्या अधिकाऱ्यांसमोर बसून एकरांचा आणि प्रदूषित मातीचा हिशेब मांडणारी माणसं थोडी असतात.

हे लोक स्वतःला उनांगन म्हणवतात. अट्काकडच्या पश्चिमेच्या बोलीत उनांगस. ‘अल्यूट’ हे नाव रशियनांनी रूढ केलं आणि कायद्यात, कंपन्यांच्या नावांत, बायकापोरांच्या तोंडीही ते बसलं. या पुस्तकात दोन्ही येतील. रशियन सत्तेच्या खुणा आडनावांतही दिसतात. बेरिंगची रशियन मोहीम १७४१ मध्ये या बाजूला आली, आणि तिच्या मागोमाग सायबेरियातले फरचे व्यापारी. समुद्री ओटरच्या कातड्याला चीनमध्ये सोन्याचा भाव होता, आणि तो प्राणी कातडी नावेतून, म्हणजे बायदार्कातून, भाल्यानं मारण्याचं कसब उनांगन पुरुषांकडे होतं. व्यापाऱ्यांनी त्यांच्या बायकामुलांना ओलीस धरलं आणि पुरुषांना शिकारीला जुंपलं. हिंसा आणि रोगराई यांनी शंभर वर्षांच्या आत लोकसंख्या मूळच्या काही अंशावर आली. त्याच रशियनांबरोबर ऑर्थोडॉक्स चर्चही आलं, आणि ते मात्र लोकांनी आपलं केलं. पाद्री इव्हान व्हेनियामिनोव्ह १८२४ मध्ये उनालास्काला आले आणि इव्हान पान्कोव या उनांगन मुखियाच्या साथीनं त्यांनी या भाषेला लिपी दिली. १८६७ मध्ये रशियानं अलास्का ७२ लाख डॉलरना अमेरिकेला विकलं, तेव्हा लिहितावाचता येणारे उनांगन लोक बेटांवर होते. पुढे अर्ज-विनंत्यांची जी परंपरा आपल्याला दिसते तिचं मूळ इथे आहे.

स्निगारॉफ घराणं अट्काचं. याच घराण्यातल्या सेडॉर स्निगारॉफ यांनी १९५२ मध्ये नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ क्नुट बर्गस्लान्ड यांना अट्काच्या ऐतिहासिक कथा सांगितल्या आणि त्या पुढे ग्रंथरूपानं छापल्या गेल्या. बर्गस्लान्ड यांचा अल्यूट भाषेचा मोठा कोश १९९४ मध्ये निघाला. त्यातल्या अट्का बोलीच्या समृद्धीचं श्रेय अशा सांगणाऱ्यांना जातं. त्या काळचं अट्का म्हणजे मासेमारी आणि कोल्ह्यांची कातडी. हिवाळ्यात माणसं दूरच्या निर्मनुष्य बेटांवर, अ‍ॅडॅक, अ‍ॅमचिट्कापर्यंत सापळे लावायला जात आणि वसंतात परतत. नकाशावर जी बेटं ‘ओसाड’ म्हणून दाखवली गेली ती या लोकांच्या वार्षिक फेऱ्यात होती. पुढे जमिनीच्या वाटाघाटींत हा मुद्दा आला. वॉशिंग्टनमधल्या कारकुनाला तो समजावून सांगणं किती कठीण असतं, हे पुस्तकात कळेलच.

३ आणि ४ जून १९४२ रोजी जपानी विमानांनी उनालास्काच्या डच हार्बरवर बॉम्ब टाकले. त्यानंतर चार दिवसांच्या आत किस्का आणि अट्टू ही साखळीच्या पश्चिम टोकाची बेटं जपान्यांच्या ताब्यात गेली. अट्टूच्या गावातल्या बेचाळीस उनांगन लोकांना जपानमध्ये, होक्काइदो बेटावरच्या ओतारू शहरात नेऊन ठेवण्यात आलं. त्यांतले जवळजवळ निम्मे परत आले नाहीत. अट्का ही पुढची पायरी ठरेल या भीतीनं १२ जूनला अमेरिकी नौदलाच्या माणसांनी अट्काचं गाव पेटवलं. शत्रूच्या हाती छप्पर लागू नये, एवढाच त्यामागे विचार. बरीच कुटुंबं तेव्हा मासेमारीच्या तळांवर होती. त्यांना घरी जाऊन काही घ्यायला वेळ मिळाला नाही. घरांबरोबर चर्चही जळलं, आणि त्यातली पिढ्यान्‌पिढ्यांची पवित्र चित्रंही.

अट्काच्या ८३ लोकांना दीड हजार मैलांवर, आग्नेय अलास्कातल्या किलिस्नू इथे, एका बंद पडलेल्या मासळी कारखान्यात नेऊन सोडलं. नऊ गावांमधून एकूण ८८१ उनांगन अशाच रीतीनं हलवले गेले: प्रिबिलोफ बेटांवरचे फंटर बे इथल्या कॅनरीत आणि खाणीत, उनालास्काचे बर्नेट इनलेटला, अकुटान, निकोल्स्की आणि लहान वाड्यांवरचे केचिकनजवळच्या वॉर्ड लेकला. उनालास्कात नियम असा होता की अंगात एक अष्टमांश किंवा जास्त अल्यूट रक्त असलेल्यानं जायचं. गोऱ्यांनी राहिलं तरी चालेल. युद्धाच्या धोक्यातून सुटका हे कारण त्यामुळे फार काळ टिकत नाही. कारखान्यांत पाण्याचे नळ नव्हते, शौचालयं नव्हती, डॉक्टर नव्हते. झाडं न पाहिलेल्या लोकांना तिथल्या घनदाट जंगलाचीही धास्ती वाटे. क्षय, न्यूमोनिया, गोवर यांनी दहांतला एक माणूस गेला. यात अधिक करून म्हातारे आणि तान्ही मुलं होती. म्हणजे ज्यांच्याकडे जुनं होतं ते आणि ज्यांच्याकडे ते जायचं ते. फंटर बेपासून थोड्याच अंतरावर जर्मन युद्धकैद्यांची छावणी उभी राहिली, आणि तिची व्यवस्था या नागरिकांच्या व्यवस्थेपेक्षा चांगली होती. फंटर बेच्या स्त्रियांनी ऑक्टोबर १९४२ मध्येच सह्या करून सरकारकडे अर्ज धाडला. १९४३ च्या उन्हाळ्यात सरकारनं तिथल्या पुरुषांना प्रिबिलोफला परत नेलं, पण कशासाठी, तर फर-सीलच्या शिकारीसाठी. त्या वर्षी एक लाख सतरा हजारांवर कातडी निघाली आणि उत्पन्न सरकारी तिजोरीत गेलं.

किलिस्नूबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तिथे एक विलक्षण भेट झाली. शेजारी अँगून हे ट्लिंगिट लोकांचं गाव. अँगूनच्या माणसांनी अट्काच्या या नवख्या, थंडीनं कुडकुडणाऱ्या लोकांना होड्या दिल्या, पांघरुणं दिली, मीठ दिलं, मासे कुठे मिळतात ते दाखवलं. या अँगूनचा स्वतःचा इतिहास काय होता? १८८२ मध्ये किलिस्नूच्याच व्यापारी कंपनीच्या देवमासे मारणाऱ्या नावेवर हार्पूनचा स्फोट होऊन एक ट्लिंगिट शामान मेला. त्यांच्या रिवाजाप्रमाणे गावानं भरपाई म्हणून दोनशे ब्लँकेटं मागितली. कंपनीनं नौदलाला बोलावलं. नौदलानं उलट गावालाच चारशे ब्लँकेटांचा दंड ठोठावला, आणि २६ ऑक्टोबर १८८२ रोजी तोफा डागून घरं, हिवाळ्याचा अन्नसाठा आणि बहुतेक सगळ्या होड्या नष्ट केल्या. धुरात गुदमरून सहा मुलं गेली. त्या घटनेला साठ वर्षं होत असताना, त्याच नौदलानं ज्यांचं गाव जाळलं होतं ती माणसं अँगूनच्या दारात आली. दोन्ही बाजूंना हे माहीत होतं की नाही, किती बोललं गेलं, हे बाजूला ठेवू. मदत मात्र झाली, आणि अट्काची मंडळी ती विसरली नाहीत. अँगूनची माफी नौदलानं मागितली ती २६ ऑक्टोबर २०२४ रोजी, बरोबर एकशेबेचाळीस वर्षांनी.

१९४५ मध्ये अट्काचे लोक परतले तेव्हा गावाच्या जागी लष्करी छावणीचे अवशेष होते. नौदलानं नवी घरं बांधून दिली. जपानहून वाचून आलेले अट्टूचे लोकही इथेच वसवले गेले, कारण अट्टू पुन्हा वसवायचं नाही असं सरकारनं ठरवलं होतं. बिओर्का, काशेगा, माकुशिन ही छोटी गावंही कायमची संपली.

या अनुभवातून जी पिढी आली तिनं पुढे काय केलं, हा या चरित्राचा खरा विषय. अ‍ॅलिस त्या पिढीतल्या एक. १९८० मध्ये अमेरिकी काँग्रेसनं युद्धकाळातल्या नागरिकांच्या स्थलांतराची आणि नजरकैदेची चौकशी करायला आयोग नेमला. मूळ प्रश्न जपानी-अमेरिकनांचा होता. उनांगन लोकांचा प्रश्न त्यात आला, आणि फादर इश्माएल ग्रोमोफ हे उनांगन पाद्री आयोगाचे सदस्य झाले. सप्टेंबर १९८१ मध्ये आयोगानं अलास्कात, उनालास्का आणि सेंट पॉल या बेटांवरही, साक्षी घेतल्या. अल्यूट-प्रिबिलोफ बेटांच्या संघटनेचे अध्यक्ष फिलेमॉन टुटियाकोफ यांच्यासारखे लोक पुढे आले. त्याआधी चाळीस वर्षं हा विषय घराघरांतही फारसा निघत नसे. ज्यांच्या हातून आपली माणसं गेली त्यांनाच आपण ‘सरकार’ म्हणायचं, त्यांच्याच सैन्यात मुलं पाठवायची, हा पेच होता. आयोगापुढे जे बोलले त्यांतल्या पुष्कळांच्या मुलांनी ते पहिल्यांदाच ऐकलं.

१० ऑगस्ट १९८८ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ज्या कायद्यावर सही केली त्यात जपानी-अमेरिकनांना माणशी वीस हजार डॉलर आणि हयात असलेल्या उनांगन विस्थापितांना माणशी बारा हजार डॉलर ठरले. समाजासाठी पन्नास लाखांचा विश्वस्त निधी, चर्चच्या नुकसानीसाठी वेगळी रक्कम, आणि अट्टूच्या जमिनीच्या बदल्यात अल्यूट कॉर्पोरेशनला जास्तीत जास्त दीड कोटी डॉलरपर्यंत भरपाई. शेवटची तरतूद वाचताना मी दोनदा थबकलो. अट्टू हे राखीव वन्यक्षेत्र राहावं, म्हणून गाव परत मिळणार नाही. त्याची किंमत मिळेल, आणि ती कंपनीच्या खात्यात.

इथे कंपनीबद्दल सांगणं भाग आहे, कारण मराठी वाचकाला सर्वांत गोंधळात टाकणारी गोष्ट हीच असेल. १८ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या दाव्यांचा कायदा मंजूर केला. ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर. पण हे ना जमातीला मिळालं, ना गावच्या पंचायतीला. त्यासाठी प्रादेशिक आणि ग्रामीण कंपन्या काढण्यात आल्या, आणि त्या दिवशी हयात असलेला प्रत्येक मूळ रहिवासी शंभर शेअर्सचा धनी झाला. १९ डिसेंबरला जन्मलेलं भावंड आपोआप भागधारक होत नव्हतं. एकाच घरात मोठी बहीण मालक आणि धाकटा भाऊ पाहुणा, अशी ही व्यवस्था. पूर्वजांची जमीन ताळेबंदात आली. ती नफ्यात चालवायची, लाभांश द्यायचा आणि वार्षिक सभेत शिव्या खायच्या. अल्यूट कॉर्पोरेशनची अडचण दुहेरी. एक तर लोक थोडे, आणि जमिनीचा वाटा लोकसंख्येच्या मापानं. ज्यांची संख्या इतिहासानं घटवली त्यांना जमीनही कमी. दुसरं, बहुतेक बेटं १९१३ पासूनच वन्यजीवांसाठी राखीव झालेली. अट्टूचं तर वर आलंच.

या कायद्याच्या सहा आठवडे आधी, ६ नोव्हेंबर १९७१ रोजी, अ‍ॅमचिट्का बेटाखाली अमेरिकेनं पाच मेगाटन क्षमतेच्या आसपासचा अणुस्फोट केला. अमेरिकेनं जमिनीखाली केलेला हा सर्वांत मोठा स्फोट. त्याविरुद्धच्या आंदोलनातून ग्रीनपीस जन्माला आली हे सगळ्यांना ठाऊक असतं. अट्काच्या लोकांसाठी अ‍ॅमचिट्का हे सापळे लावायला जाण्याचं बेट होतं, हे क्वचित ऐकायला मिळतं. अ‍ॅलिस पेट्रिव्हेली यांनी ते पुढे आवर्जून सांगितलं. गोऱ्या निसर्गप्रेमींच्या स्मृतीत ते ओटरांचं बेट आहे. अट्काच्या लोकांच्या स्मृतीत ते घरच्या माणसांचं.

अशा कंपनीच्या अध्यक्षपदी बसलेली बाई ही एका अर्थी लोकसेवक आणि दुसऱ्या अर्थी व्यवस्थापक. या दोन भूमिका नेहमी जुळतात असं म्हणणं खोटं ठरेल. भागधारकाला लाभांश हवा असतो, गावाला शाळा हवी असते, आणि भाषा जपण्यासाठी पैसे कुठल्या मथळ्याखाली दाखवायचे हा प्रश्न लेखापरीक्षकाला पडतो. अट्काच्या शाळेत १९७० च्या दशकात मुलांना स्वतःच्या बोलीत शिकवण्याचा प्रयत्न सुरू झाला, त्यासाठी पुस्तकं तयार झाली. ते काम कुठल्याही कंपनीच्या नफ्यात दिसत नाही. अ‍ॅलिस या भाषा येणाऱ्या शेवटच्या पिढ्यांपैकी एका पिढीतल्या. सभागृहात इंग्रजीत आकडे मांडायचे आणि घरी परतल्यावर त्याच गोष्टी अट्काच्या बोलीत समजावून सांगायच्या, हे त्यांच्या पिढीतल्या नेत्यांना करावं लागलं.

एक सूचना वाचकाला करावीशी वाटते. १९४२ चं प्रकरण वाचून झाल्यावर पुस्तक मिटू नये. तो भाग हृदयद्रावक आहे आणि तो वाचला जाणारच. १९७१ नंतरची प्रकरणं मात्र रूक्ष भासतील: जमिनीची निवड, अदलाबदलीच्या अटी, भूगर्भातले हक्क, सर्वेक्षणं. अल्यूट नेतृत्वाची खरी मेहनत तिथे आहे. अडाणी, गरीब, निसर्गाच्या कुशीतले लोक असं जे चित्र उरलेल्या अमेरिकेतले पत्रकार रंगवतात त्याला या प्रकरणांत जागा नाही. तिथे वकील आहेत, भांडणं आहेत, चुकलेले अंदाज आहेत, आपसांतल्या निवडणुका आहेत. नेत्याला देव करणाऱ्या चरित्रांचा मला कंटाळा आहे. आपल्या भाषेत तशी चरित्रं भरपूर आहेत. इथे ते टळलं आहे, कारण अशा बैठकांमध्ये देवपणाला फारसा वाव नसतो.

राहिला अ‍ॅडॅकचा प्रश्न. नौदल गेल्यावर कंपनीला बेट मिळालं ते इतर बेटांवरच्या जमिनींच्या हक्कांच्या बदल्यात. मिळालं काय? हजारो लोकांसाठी बांधलेली घरं, जी वारा एकेक करून उलगडतो आहे. उत्तम धावपट्ट्या, मोठा धक्का, इंधनाच्या टाक्या. आणि त्याबरोबर दूषित माती: १९९४ पासून अ‍ॅडॅक अमेरिकेच्या अतिप्रदूषित स्थळांच्या यादीत आहे. मासळी प्रक्रियेचा कारखाना उघडला, बंद पडला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद पडला. २०२० च्या जनगणनेत बेटावर १७१ माणसं नोंदवली गेली. हा सौदा चांगला होता की वाईट, यावर अल्यूट लोकांतच एकमत नाही. माझं मत असं की १९९७ मध्ये ज्यांच्यापुढे तो आला त्यांना तो नाकारणं शक्य नव्हतं. साखळीच्या मध्यावर, आपल्या पूर्वजांच्या पाण्यात, तयार बंदर असलेलं बेट दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचं कसं? ज्यांचं गाव एका दुपारी राख झालं होतं त्यांना पडक्या इमारतींची भीती वाटली नसावी.

सगळं बेट मात्र कंपनीच्या हाती आलेलं नाही. महायुद्धात आणि नंतरच्या सरावांत पडून राहिलेला दारूगोळा जिथे अजून जमिनीत आहे, तो उत्तरेकडचा भाग नौदलानं स्वतःकडेच ठेवला आहे. बेटावरच्या मुलांना कुठे खेळायचं नाही ते शिकवलं जातं. त्या तुकड्यासंबंधीचा पत्रव्यवहार, सफाईचे आराखडे आणि पाहण्या अजून चालूच आहेत, आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणारे अल्यूट प्रतिनिधी आता अ‍ॅलिस यांच्या नातवंडांच्या वयाचे आहेत.